बांधातलं घड्याळ

कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी. भातकापणी झाली की खाचरांतल्या उरल्यासुरल्या ओलीवर इकडे वाल पेरतात. वालाच्या शेंगांवर नजर ठेवून बांधावरून चालताना अंगठा जेमतेम शिरेल एवढं भोक दिसलं, तर जरा थांबा. आत बहुधा मुस बुडुगा असेल, आपल्या शेतांतल्या सगळ्यात चिमुकल्या उंदरांपैकी एक. पाठ मातकट, पोट पांढरंशुभ्र, डोक्यापासून बुडापर्यंत सहा-सात सेंटिमीटर आणि जवळपास तेवढीच शेपटी. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे साखर! शेतातलीच घूस याच्या वीसपट तरी भरते.

शास्त्राच्या वहीत याची नोंद 1837 साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी केली, तीही ब्रिटिश ज्याला ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत तिथल्या नमुन्यावरून. याचा एक जुळा भासणारा भाऊबंद आहे, मुस टेरिकलर. दोघांतला फरक खात्रीने सांगायचा तर गुणसूत्रं तपासावी लागतात. नुसत्या डोळ्यांनी ओळखल्याचं कुणी सांगितलं, तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हा रात्री बाहेर पडतो. दाणे, गवताचं बी, किडे खातो. पावसाळ्यात खाचर तुडुंब भरलं की बांध हीच त्याची कोरडी जमीन. आत गवताच्या काड्यांचं घरटं, त्यात उघडी-नागडी, डोळे मिटलेली पिल्लं. काळोख्या बिळात या पिल्लांना दिवस कुठला नि रात्र कुठली, हे कळतं कसं?

मदुराई कामराज विद्यापीठातल्या एन. विश्वनाथन आणि एम. के. चंद्रशेखरन यांनी नेमका हाच उंदीर घेऊन ते शोधलं. पिल्लांभोवती दिवस-रात्रीचा फरकच ठेवला नाही. फक्त आई बारा तास जवळ, बारा तास दूर. पिल्लांच्या शरीरातलं घड्याळ या येण्या-जाण्यावर लागलं! आई जवळ असेल तो त्यांचा दिवस, विश्रांतीचा. ती गेली की रात्र, मग हालचाल सुरू. शेतात तरी दुसरं काय घडतं? रात्री आई चरायला जाते, दिवसा कुशीत घेते. सूर्य न पाहिलेल्या पिल्लांना सूर्याची वेळ आईकडून कळते.

1985 साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आलं. अशी पिल्लं तुमच्या बांधातही असू शकतात, म्हणून यंदा बांध खणायला घ्याल, तेव्हा पहिली कुदळ त्या भोकापासून हातभर लांब मारा.