समुद्र नसलेली खाडी

रब्बीत वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात मोटारींची घरघर पहाटेपर्यंत चालते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीचीच येते ना! दर्यापूर, भातकुलीकडच्या हरभऱ्याच्या शिवारात मात्र रात्र चिडीचूप. विहिरींना पाणी नाही असं नव्हे. ते खारं आहे, म्हणून उपसून पिकाला देत नाहीत.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली ८९४ गावं या खारपाणपट्ट्यात मोडतात. मधून वाहते पूर्णा. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि दोहोंमध्ये खचलेला खोलगट पट्टा नदीच्या गाळानं भरत गेला. काही ठिकाणी तो गाळ शेकडो मीटर जाडीचा आहे. हे खारेपण जुन्या समुद्राचं देणं, असं एक मत आहे. मला दुसरं पटतं: निचरा कमी, ऊन भयंकर, त्यामुळे पाणी उडत गेलं आणि क्षार मागे राहिले. दहीहांड्याच्या बाजूला पूर्वी विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठही काढत. समुद्रापासून इतक्या दूर मिठागर!

इथल्या जमिनीचा स्वभाव ऐकायचा तर पावसाळ्यात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या दमदार सरींचं पाणी त्यांतून गटागट आत जातं. मग माती फुगते आणि तोंड मिटते. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं. पिकं चिबडतात, पण बेडकांची चंगळ होते. डबक्याडबक्यांतून असा गलका उठतो की बांधावर उभं राहून मोबाईलवर बोलणं मुश्कील. ज्या मातीला शेतकरी शिव्या देतो तीच शेततळ्याला मात्र उपकारक ठरते. पाझर नगण्य, त्यामुळे इतरत्र लागणारा प्लास्टिकचा कागद इथे बहुधा लागत नाही. पावसाचं गोडं पाणी साठवून हरभऱ्याला एखाद-दुसरं ओलीत देता येतं, आणि तेवढ्यापुरती का होईना, या शिवारातही मोटार वाजते. खारपाणपट्ट्यासाठी यापेक्षा शहाणी योजना मला दिसत नाही.

आणि समुद्राचं म्हणाल तर, पूर्णा पुढे चांगदेवला तापीला मिळते. हतनूर धरणाच्या फुगवट्यानं तो संगम आता तलावासारखा झाला आहे. खरी भरती-ओहोटी तापीला भेटते ती पार सुरतेजवळ. वाटेत उकाईचं धरणही आहे. तेव्हा समुद्राची गाज पूर्णाकाठी पोचायचा प्रश्नच नाही.

पिण्याचं गोडं पाणी पट्ट्याबाहेरून येतं: दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर धरणाचं, अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या गावात नळाची वेळ पक्की नसते. तोटीतून आधी नुसती हवा फुसफुसते, आणि तेवढ्यावर गल्लीत पुकारा होतो, "नळ आले व माय!" मग ड्रमांची, घागरींची, कॅनांची आदळआपट सुरू होते.