संगणकावरील जगाचा नकाशा आणि बौद्ध देशांचा अभ्यास

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यावर जे छापले तेवढेच तो सांगतो. संगणकावरील नकाशासंग्रहाला मात्र प्रश्न विचारता येतात. १९९० च्या दशकात 'एन्कार्टा'सारखे संग्रह सी.डी.वर मिळत. पडद्यावरील देशावर माऊसने टिचकी मारली की राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या, भाषा, धर्म ही माहिती समोर येई. 'एन्कार्टा' २००९ साली बंद झाला. २००५ साली आलेला 'गूगल अर्थ' मोबाईलवरही विनामूल्य चालतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील विद्यार्थ्यांनी त्याचा अभ्यासासाठी कसा उपयोग करावा, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

आरंभ आपल्या गावापासून करावा. उल्हास नदीचे वळण, अंबरनाथचे अकराव्या शतकातील शिवमंदिर, बदलापूरजवळचे बारवी धरण ही ओळखीची ठिकाणे वरून पाहिली की नजर तयार होते. मग मोजपट्टीने अंतर मोजावे. उल्हासनगरपासून कराची सरळ रेषेत सुमारे ८९० कि.मी. भरते. फाळणीनंतर येथील लष्करी छावणीत आलेले आपले सिंधी शेजारी किती लांबचे घर सोडून आले, ते यावरून ध्यानात येते. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी येथून सुमारे १,३८० कि.मी. आहे.

त्यानंतर परमपूज्य बाबासाहेबांचा प्रवास शोधावा. बौद्ध परिषदांसाठी ते १९५० मध्ये सिलोनला, १९५४ मध्ये रंगूनला आणि १९५६ मध्ये काठमांडूला गेले. यांपैकी काठमांडू तेवढे त्याच नावाने सापडेल. सिलोन १९७२ पासून श्रीलंका आहे; बर्मा १९८९ पासून म्यानमार आणि रंगून यांगून झाले. ही नावे ठाऊक नसतील तर चरित्रग्रंथ व नकाशा यांचा मेळ बसत नाही.

आता खरा मुद्दा. देशाच्या माहितीत धर्म टक्केवारीने दिलेला असतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात बौद्ध ०.७० टक्के. भूतान मात्र बौद्धबहुल देश म्हणून झळकतो. विद्यार्थी हे वाचतो आणि आपण जगाच्या हिशेबात नाहीच, असे समजून पुढे जातो. त्याने टक्केवारीवर न थांबता संख्या काढावी. त्याच जनगणनेत देशात बौद्ध ८४,४२,९७२ होते आणि त्यांतील ६५,३१,२०० एकट्या महाराष्ट्रात. भूतानची संपूर्ण लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार होती. म्हणजे महाराष्ट्रातील बौद्ध भूतानच्या सर्व नागरिकांच्या जवळजवळ नऊपट आहेत! देशागणिक एकच रंग भरलेल्या नकाशात हे दिसणे शक्य नाही. तेथे राज्य आणि जिल्हा उघडूनच पाहावे लागते.

आकड्यापुढचे वर्षही वहीत टिपावे. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या देशात बौद्धांची संख्या दोन लाखांच्याही आत होती. १९६१ मध्ये ती ३२ लाखांवर गेली. या दोन आकड्यांच्या मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी आहे, आणि कोणत्याही देशाच्या माहितीपत्रकात ती तारीख आपोआप समोर येत नाही.