स्क्वॉश आणि रॅकेटबॉल : भिंतीच्या खेळांचे मूलभूत नियम

रॅकेटने खेळल्या जाणाऱ्या खेळांचे दोन प्रमुख वर्ग पडतात. टेनिस, बॅडमिंटन आणि टेबल टेनिस हे जाळीचे खेळ. त्यांत प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे राहतात. स्क्वॉश आणि रॅकेटबॉल हे भिंतीचे खेळ होत. यांत दोन्ही खेळाडू एकाच बंदिस्त कोर्टात, एकाच भिंतीकडे तोंड करून वावरतात. मध्ये जाळी नसल्यामुळे एकमेकांना वाट देण्याची शिस्त नियमांनीच घालून द्यावी लागते. या खेळांच्या नियमावलीचे मर्म तेच आहे.

स्क्वॉशचा उगम इंग्लंडमधील हॅरो शाळेत झाला. तेथे 1864 मध्ये या खेळासाठी खास कोर्टे बांधण्यात आली. ब्रिटिश छावण्या आणि जिमखाने यांच्यामार्फत तो भारतात आला व मुंबई हे त्याचे महत्त्वाचे केंद्र बनले. 1944 मध्ये मुंबईत झालेली अखिल भारतीय स्पर्धा पेशावरच्या हाशिम खान यांनी जिंकली. पुढे ते जगज्जेते म्हणून गाजले. मुंबईचे अब्दुल बारी 1950 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत उपविजेते ठरले.

स्क्वॉशचे कोर्ट 9.75 मीटर लांब आणि 6.40 मीटर रुंद असते. समोरच्या भिंतीवर 4.57 मीटर उंचीवर बाह्यरेषा, 1.78 मीटरवर सर्व्हिसची रेषा आणि तळाशी ‘टिन’ नावाची पट्टी असते. चेंडू टिनला अथवा बाह्यरेषेला लागला, किंवा रेषेबाहेर गेला, की गुण गमावला जातो. फटका बाजूच्या वा मागच्या भिंतीवरून वळवता येतो. मात्र जमिनीवर पडण्यापूर्वी चेंडू समोरच्या भिंतीला लागलाच पाहिजे. परतवणाऱ्याने तो हवेतच किंवा एका टप्प्यानंतर मारावा.

सर्व्हिस करताना किमान एक पाय सर्व्हिसच्या चौकटीत टेकलेला असावा लागतो. चेंडू थेट समोरच्या भिंतीवर, दोन्ही रेषांच्या मध्ये आदळून विरुद्ध बाजूच्या मागील चौकोनात पडावा. प्रतिस्पर्ध्याला तो हवेतही घेता येतो. सर्व्हिसची संधी एकच मिळते. प्रत्येक रॅलीला गुण असतो. डाव 11 गुणांचा असून 10-10 अशी बरोबरी झाल्यास दोन गुणांची आघाडी आवश्यक ठरते. पाचांपैकी तीन डाव जिंकणारा विजयी होतो.

चेंडू सुमारे 40 मिलिमीटर व्यासाचा, 23 ते 25 ग्रॅम वजनाचा पोकळ रबरी असतो. थंड असताना तो जेमतेम उसळतो. प्रमाण चेंडू 254 सेंटिमीटरवरून सोडला, तर 45 अंश सेल्सिअस तापमानाला तो त्या उंचीच्या 25 ते 30 टक्के इतकाच वर येतो. म्हणूनच सामन्यापूर्वी दोघे खेळाडू फटके मारून चेंडू तापवतात.

अडथळ्याचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. फटका मारल्यावर खेळाडूने बाजूला होऊन प्रतिस्पर्ध्याला चार गोष्टी मोकळ्या करून द्याव्या लागतात : चेंडूकडे जाण्याची सरळ वाट, चेंडू नीट दिसणे, रॅकेट फिरवण्यास पुरेशी जागा आणि समोरच्या संपूर्ण भिंतीवर फटका मारण्याची मुभा. अडथळा आल्यास खेळाडू थांबून ‘लेट, प्लीज’ म्हणतो. मग पंच तीनपैकी एक निर्णय देतात : ‘लेट’ म्हणजे रॅली पुन्हा खेळणे, ‘स्ट्रोक’ म्हणजे थांबलेल्याला गुण आणि ‘नो लेट’ म्हणजे मागणी फेटाळून गुण प्रतिस्पर्ध्याला.

रॅकेटबॉल हा याच कुळातील अमेरिकी खेळ. जो सोबेक यांनी 1950 च्या सुमारास कनेक्टिकट राज्यात तो विकसित केला. त्याचे कोर्ट 12.19 मीटर लांब, 6.10 मीटर रुंद आणि तितकेच उंच असते. येथे टिन नसते आणि छतही खेळात धरले जाते. सर्व्हिसपूर्वी चेंडूचा टप्पा पाडावा लागतो. रॅकेट हातातून निसटू नये म्हणून तिची दोरी मनगटात अडकवतात.

छत्रपती संभाजीनगरसारख्या, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात थोड्या जागेत, सावलीत भरपूर व्यायाम देणारे हे खेळ विशेष उपयुक्त ठरतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला मान्यता मिळाली, त्यामुळे त्याविषयीचे कुतूहल वाढणे स्वाभाविक आहे. नवशिक्याने डोळ्यांचे संरक्षक चष्मे घालूनच कोर्टात उतरावे आणि जोरकस फटक्याआधी, समोर माणूस दिसताच उगारलेली रॅकेट रोखण्याची सवय लावून घ्यावी.