गाठ आणि निकाल यांच्या मधले दिवस



शाळामास्तराने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकावे, हे आपणांपैकी कित्येकांस विचित्र वाटेल. माझे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा या गावी राहणारा मी एक सेवानिवृत्त शिक्षक असून, माझी सारी हयात मुलांना अंकगणित व मराठी शिकविण्यात गेली. तेव्हा रोगाचे निदान अगर औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तो मी गाजविणारही नाही. परंतु वाट पाहणे ही गोष्ट अशी आहे की, तिचे शिक्षण प्रत्येकास स्वतःच घ्यावे लागते. गेल्या वर्षी मला ते घ्यावे लागले. अंगावर अकस्मात गाठ लागावी, डॉक्टरांनी तपासणीस सांगावे, आणि मग निकाल हाती येईपर्यंतचे दिवस काढावेत, या अनुभवासंबंधी आज मी आपणांशी चार शब्द बोलणार आहे.

दाढी करीत असता डाव्या जबड्याखाली बोराएवढी एक गाठ माझ्या बोटांस लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. मी आरसा बाजूस ठेवला व कोणास काही बोललो नाही. तीन आठवडे बोललो नाही. अखेरीस आमच्या मंडळींनीच विचारले, "तुम्ही सारखा गळ्याला हात का लावता हो?" तेव्हा कोठे माझी जीभ सुटली.

मी गप्प का राहिलो, हे सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या स्तनात गाठ झाली होती. तिने ती दोन वर्षे पदराआड झाकून ठेवली. लाज होतीच, परंतु लाजेहून भीती मोठी होती. डॉक्टरांकडे गेलो तर नाव कळेल, आणि नाव कळले म्हणजे सारे संपले, अशी तिची समजूत. ती जेव्हा इस्पितळात गेली, तेव्हा गाठीचे व्रण झाले होते व उपचाराची वेळ टळून गेली होती. आक्कांचा तो दाखला डोळ्यांपुढे असतानाही मी तीन आठवडे तोच मार्ग चाललो, यावरून भीती माणसाच्या शहाणपणाचे काय करते ते आपण ओळखावे.

प्रथम गाठ या शब्दाविषयी. आपल्या भाषेत हा एकच शब्द नाना प्रकारच्या वस्तूंस लावतात. चरबीची मऊ गाठ, जिला आपण आवाळू म्हणतो. त्वचेखालील स्निग्ध ग्रंथीचे तोंड बुजून झालेली पुटकुळी. पायास जखम झाली असता जांघेत येणारे अवधाण. तरुण स्त्रियांच्या स्तनात आढळणारी, बोटाखाली सरकणारी निरुपद्रवी गाठ. क्षयाच्या जंतूंमुळे मानेत उठणारी गंडमाळ. आणि कर्करोगाची गाठ. हा घोटाळा आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे विवेचन एकाच अध्यायात केलेले आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या परंतु आतून भिन्न असणाऱ्या वस्तू वेगळ्या कशा ओळखाव्यात, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यांसही पडलेला होता. फरक इतकाच की, त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, आपल्याजवळ आहे.

बहुतेक गाठी साध्या असतात, हे सत्य आहे. परंतु आपली गाठ त्या बहुतेकांपैकी आहे काय, हे बोटाने चाचपून, शेजाऱ्यास दाखवून अगर मोबाइलवर चित्रे पाहून कळत नाही. जी गाठ दोन-तीन आठवड्यांत जात नाही, वाढत राहते, कठीण व जागीच खिळलेली असते; स्तनाची त्वचा जेथे आत ओढली जाते अगर स्तनाग्रातून रक्त येते; तोंडात जो व्रण तीन आठवड्यांत भरून येत नाही; ती सर्व डॉक्टरांस त्वरित दाखविण्याची लक्षणे होत. गाठ दुखत नाही म्हणून ती निर्धोक, हा समज तर सर्वांत घातक होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तपासणीचा तुकडा अगर सुईने काढलेला द्रव दिल्यावर निकालास इतके दिवस का लागतात? मला आठ दिवसांनी बोलाविले होते. आठव्या दिवशी मी जिल्ह्याच्या गावी गेलो, तो "अजून आला नाही" असे उत्तर मिळाले. परतीच्या वाटेवर मी त्या तीन शब्दांचा शंभर प्रकारे अर्थ लावला. काहीतरी वाईट आहे, म्हणूनच ते सांगत नाहीत, अशी माझी खात्रीच झाली. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण मी वर्गात कितीदा तरी समजावून सांगितली होती. ती मला त्या दिवशी समजली.

वस्तुतः विलंबाची कारणे अगदी साधी असतात. बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून काचेवर पसरण्याची जी तपासणी, तिचा निकाल बहुधा एक-दोन दिवसांत मिळू शकतो. परंतु गाठीचा तुकडा काढला असेल, तर तो प्रथम फॉर्मेलिन नावाच्या द्रावणात मुरावा लागतो. मग अल्कोहोलने त्यातील पाणी काढून घेतात, आणि वितळलेल्या मेणात तो बसवितात. मेण थिजल्यावर यंत्राच्या धारदार पात्याने त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यावरून ते काम किती नाजूक असते याची कल्पना यावी. हा पापुद्रा काचेवर घेऊन त्यास दोन रंग देतात. त्यांपैकी एक हीमॅटॉक्सिलिन. तो मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून काढतात. त्याने पेशींची केंद्रे निळी-जांभळी होतात, व दुसऱ्या रंगाने उरलेला भाग गुलाबी होतो. यांपैकी कोणतीही पायरी घाईने उरकली तर पेशींची रूपे बिघडतात, आणि बिघडलेल्या रूपावरून केलेले निदान हे निदान न होण्यापेक्षाही वाईट. हाडाचा तुकडा असेल तर त्यातील चुना आधी विरघळवावा लागतो. काही वेळा एका रंगाने उलगडा होत नाही, म्हणून दुसरा रंग द्यावा लागतो. क्षयाचा संशय असल्यास एक यंत्र सुमारे दोन तासांत जंतूंचा शोध घेते; परंतु जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावयाचे झाल्यास सहा-आठ आठवडेही लागतात.

शाळामास्तरास ही गोष्ट लवकर पटावी. परीक्षेचा निकाल लांबला म्हणजे आपली मुले समजतात की, परीक्षक आपल्याच उत्तरपत्रिकेवर डोके धरून बसले आहेत. प्रत्यक्षात तेथे पेपर तपासणे, फेरतपासणी, बेरजा आणि नोंदी हे काम चाललेले असते. त्याचा कोणा एका मुलाशी काडीइतकाही संबंध नसतो. तपासणीचेही तसेच आहे. उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे, आणि निकाल लवकर आला म्हणजे तो चांगलाच असेल असेही नव्हे.

हे सर्व शास्त्र महाराष्ट्रात ज्यांनी रुजविले, त्यांची आठवण येथे केली पाहिजे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा त्यांनी जो अभ्यास केला, तो जगन्मान्य झाला. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच शिष्या. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी मूलगामी संशोधन केले आणि 1982 साली त्यांस पद्मभूषण मिळाले. आज आपला तुकडा काचेवर घेऊन जो कोणी अनामिक मनुष्य सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला असतो, तो याच परंपरेतला. आपण त्यास पाहत नाही, तो आपणांस पाहत नाही. परंतु त्या घटकेस आपल्या आयुष्याकडे त्याच्याइतके लक्ष दुसऱ्या कोणाचेच नसते.

परंतु कारण कळले म्हणून काळीज थाऱ्यावर येते असे थोडेच आहे! अनिश्चिततेचा स्वभावच तसा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 2016 साली 45 माणसांवर एक प्रयोग झाला. संगणकाच्या खेळात दगड उलटावयाचा. त्याखाली साप निघाला की हातास विजेचा झटका बसावयाचा. झटका निश्चित बसणार हे ठाऊक असताना माणसांच्या मनावर जितका ताण आला, त्याहून अधिक ताण तो बसेल की न बसेल हे निम्मे-निम्मे असताना आला. वाईट कळण्यापेक्षा काहीच न कळणे जड का जाते, याचा हा पुरावा होय. तेव्हा वाट पाहताना घाबरणारा मनुष्य भित्रा नव्हे. तो केवळ मनुष्य आहे.

कॅलिफोर्नियातील केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी वाट पाहण्याचाच अभ्यास केला आहे. वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाकडे डोळे लावून बसलेले पदवीधर त्यांनी अभ्यासिले. त्यांना असे दिसून आले की, चिंता दडपून टाकण्याचे उपाय फारसे साधत नाहीत. मात्र ज्यांनी काळजी सोसली, त्यांनी वाईट निकाल अधिक धीराने पचविला आणि चांगला निकाल अधिक आनंदाने स्वीकारला. शिवाय, जे लोक एखाद्या कामात तहानभूक विसरून रमले, त्यांचे दिवस तुलनेने सुसह्य गेले. रिकामे मन आणि रिकामा हात या जोडीपासून सावध राहावे, हे आपले वाडवडील सांगत आले. त्यास आता असा दुजोरा मिळाला आहे.

माझ्या अनुभवातून निघालेल्या काही गोष्टी आता क्रमाने सांगतो.

पहिली ही की, इस्पितळातून उठण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे घ्यावीत: कोणती तपासणी केली, निकाल कोणत्या दिवशी मिळेल, तो कोण सांगेल, आणि त्या दिवशी न मिळाल्यास कोणास विचारावे. मी हे विचारले नाही, म्हणून माझा आठवा दिवस इतका कडू गेला.

दुसरी, गाठ दिवसातून वीस वेळा चाचपू नये. चाचपून ती हुळहुळी होते, मग दुखते, मग ती वाढली असे वाटू लागते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हाच.

तिसरी, सुई टोचल्याने अगर तुकडा काढल्याने रोग अंगभर पसरतो, या बोलण्यास बळी पडू नये. कोणत्या अवयवास सुई लावावयाची आणि कोठे लावावयाची नाही, हे डॉक्टर जाणतात. या भीतीने तपासणी टाळणाऱ्याचे जे नुकसान होते, ते सुईच्या धोक्याहून कितीतरी मोठे असते.

चौथी, गावभर न सांगता एका विश्वासू माणसास सांगावे. शंभर जणांस सांगितले की शंभर औषधे निघतात. कोणासच न सांगितले तर भीती एकटीच घरभर फिरते.

पाचवी, चिंतेस दिवसातील अर्धा तास नेमून द्यावा. मी तो दिवेलागणीचा दिला होता. इतर वेळी ती आली, तर "संध्याकाळी ये" असे तिला सांगावयाचे. बाकीचा वेळ मी शाळेतील मोडक्या पुस्तकांना पुठ्ठे घालण्यात काढला. साठ-सत्तर पुस्तके झाली. झोप पार उडाली, अन्न गोड लागेनासे झाले, तर डॉक्टरांस सांगण्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 सालापासून याच कामासाठी आहे.

घरच्या मंडळींसही एक विनंती आहे. "काही होत नाही हो" असे म्हणून रुग्णाचे तोंड बंद करू नये. त्याला बोलू द्यावे. आणि निकाल आल्यावर तो त्याच्यापासून लपवू नये. आपल्याकडे विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत अहवाल पुरुषांच्या हाती जातो, आणि जिचे शरीर तिलाच शेवटी कळते. ज्या मनुष्याने वाट पाहण्याचे दुःख सोसले, त्यास सत्य ऐकण्याचा पहिला हक्क आहे.

बाराव्या दिवशी माझा निकाल आला. क्षयाची गाठ होती. जंतू ओळखण्यासाठी दुसरा रंग द्यावा लागला, म्हणून उशीर झाला, असे समजले. रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली जो जंतू दाखविला, तोच माझ्या मानेत मुक्कामास होता. सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या विनामूल्य मिळाल्या, आणि माझा एक जुना विद्यार्थी, जो आता आरोग्यसेवक आहे, दर आठवड्यास दारात येऊन विचारी, "गुरुजी, गोळ्या चुकल्या तर नाहीत ना?" ज्याच्या गृहपाठाची मी तपासणी केली, तो माझी करू लागला.

माझा निकाल बरा निघाला, म्हणून मी हे सांगत आहे असे मात्र समजू नका. कर्करोग निघाला असता, तरीही मला हेच सांगावे लागले असते. कारण तोही लवकर कळला तर पुष्कळदा उपचारास वाव राहतो. आक्कांस तो वाव मिळाला नाही, तो गाठीमुळे नव्हे, तर गाठ झाकून ठेवल्यामुळे.

गाठीत जे काही आहे, ते आपण पाहण्यापूर्वीच तेथे आहे. अहवाल ते निर्माण करीत नाही; तो केवळ वाचून दाखवितो. यास्तव, ज्या कोणाचा अहवाल या क्षणी एखाद्या इस्पितळाच्या टेबलावर भीतीपोटी न नेता पडून राहिला असेल, त्याला माझी हात जोडून विनंती आहे: उद्या सकाळी एखाद्या विश्वासू माणसास बरोबर घ्या, आणि तो घेऊन या.