विश्लेषण : घरातला जुना फ्रिज नेमका किती जुना?

नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की हिंगणा परिसरातही पडवीत किंवा मागच्या खोलीत कपाटासारखा वापरात असलेला जुना फ्रिज घरच्यांना आठवतो. दुरुस्त करायचा, ‘अँटिक’ म्हणून विकायचा की कबाडीला द्यायचा, असा प्रश्न पडतो. ‘आजोबांच्या काळातला आहे’ एवढ्या माहितीवर त्याचे उत्तर मिळत नाही. फ्रिजच्या वयावरून त्याची किंमत तर कळतेच, पण त्यात कोणता वायू असू शकतो आणि त्याचे दार किती धोक्याचे आहे, हेही कळते.

नाव पाहून वय सांगता येते का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. गोदरेजने विक्रोळीत १९५८ मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली. त्याआधीचा घरगुती फ्रिज बहुधा परदेशी बनावटीचा असतो. अमेरिकेतून आलेला असेल तर पाटीवर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असे आकडे दिसतात. आपल्याकडे तो चालवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागे. क्षमता लिटरऐवजी घनफुटात लिहिली असेल, तर तोही जुनेपणाचा किंवा आयातीचा संकेत. तळाशी टाकी आणि वात असलेला, रॉकेलवर चालणारा फ्रिज सापडला, तर मात्र तो खरोखर जपण्याजोगा आहे. स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या पद्धतीवर हे फ्रिज चालत. त्यात कॉम्प्रेसरच नसतो. वीज न पोहोचलेल्या भागांत त्यांचा उपयोग होई.

‘गोदरेज-जीई’ असे जोडनाव १९९० च्या दशकातले. हैदराबादच्या ऑल्विनचा फ्रिज व्यवसाय त्याच दशकात व्होल्टासकडे गेला. एलजी भारतात आली १९९७ मध्ये. त्यामुळे ‘पन्नास वर्षांपूर्वीचा एलजी’ कोणी विकत असेल तर हात जोडावेत. केल्व्हिनेटरबाबत घोळ जास्त. फरिदाबादची मूळ कंपनी १९९० च्या दशकाच्या मध्यात व्हर्लपूलने घेतली, पण केल्व्हिनेटर हे नाव पुढेही वेगवेगळ्या कंपन्यांच्या हाताखाली बाजारात राहिले. नुसत्या त्या नावावरून काहीच ठरत नाही.

मग खरा पुरावा कुठे?

फ्रिजच्या पाठीवर, कॉम्प्रेसरजवळ किंवा दाराच्या आत लावलेल्या पाटीवर. अनुक्रमांकात वर्ष दडलेले असू शकते, पण प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. त्यापेक्षा पत्ता वाचणे सोपे. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पाटीवर ‘बॉम्बे-७९’ एवढेच असेल तर फ्रिज बहुधा त्याआधीचा किंवा त्या सुमाराचा. ‘बॉम्बे ४०० ०७९’ असेल तर नक्की त्यानंतरचा. आणि ‘मुंबई’ असेल, तर १९९५ च्या नामांतरानंतरचा धरावा. ई-मेलचा पत्ता दिसला तर १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या मागे जाण्याचे कारण नाही. दारावर नागपुरातल्या दुकानाचा जुना स्टिकर उरला असेल तर तोही खरवडून टाकू नये. त्यावरचा पाच-सहा आकडी फोन क्रमांक मोबाइलपूर्व काळाची साक्ष असतो. वीजबचतीचे तारे दाखवणारे लेबल २००६ मध्ये आले आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी ते २०१० पासून सक्तीचे झाले.

एक सावधगिरी हवी. कॉम्प्रेसरची पाटी म्हणजे फ्रिजचा जन्मदाखला नव्हे. सांगाडा १९७५ चा आणि कॉम्प्रेसर १९९८ चा, असे होऊ शकते, कारण आपल्याकडे फ्रिज टाकून देण्याआधी दोन-तीनदा दुरुस्त होतो. दोन पाट्यांवरची वर्षे जुळली नाहीत, तर वय सांगाड्याचे धरावे.

वायूचा प्रश्न काय?

जुन्या फ्रिजमध्ये साधारणपणे आर-१२ वायू असे. तो पेट घेत नाही, पण ओझोनचा थर विरळ करतो. हवेत सुटल्यावर शंभर वर्षांच्या आसपास टिकतो आणि वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट तापवतो. मॉन्ट्रियल कराराला अनुसरून भारतात १ जानेवारी २००३ पासून नव्या फ्रिजमध्ये तो भरण्यास बंदी आली. पुढे आर-१३४ए आणि आर-६००ए यांचा वापर वाढला. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. तो ओझोनला अपाय करत नाही, मात्र स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटतो. छोट्या फ्रिजमध्ये तो काही दशक ग्रॅमच असतो, पण बंद खोलीत नळी गळत असताना टॉर्च पेटवायला तेवढाही पुरे.

अडचण अशी की आर-१२ मिळेनासा झाल्यावर काही जुन्या फ्रिजमध्ये दुरुस्तीच्या वेळी ज्वलनशील वायूंचे मिश्रण भरले गेले. म्हणजे पाटीवर आर-१२ आणि नळीत दुसरेच. शेवटचा वायू कोणी, कोणता भरला याची नोंद नसेल, तर तो पेटणारा आहे असे समजूनच मेकॅनिकने काम करावे, आणि ग्राहकाने हे त्याला आधीच सांगावे.

खटक्याच्या दाराचे काय?

बाहेरून खटका पडणारे दार आतून ढकलून उघडत नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुले गुदमरून दगावल्यावर १९५६ मध्ये कायदा झाला आणि ३० ऑक्टोबर १९५८ पासून आतून उघडणारी दारे सक्तीची झाली. त्यानंतर चुंबकाच्या रबरी पट्टीची दारे रूढ झाली. आपल्याकडे कुलूप-किल्लीचे फ्रिज त्यानंतरही कितीतरी वर्षे विकले जात होते. किल्ली बहुधा घरातल्या आजीकडे असे. असा फ्रिज अंगणात किंवा गोदामात ठेवायचा असेल तर आधी दार बिजागरीतून काढावे, निदान खटका तरी. संग्राहकाला विकायचा असेल तर काढलेले भाग जपून ठेवावेत.

कबाडीला देणार असाल तर एवढे पाहा की तो अंगणातच नळी कापणार नाही. ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिजचा समावेश आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. तिथे आधी वायू सिलिंडरमध्ये काढून घेतात, मग कॉम्प्रेसरमधले तेल आणि शेवटी तांबे व पत्रा. रस्त्याकडेला हा क्रम नेमका उलटा असतो : आधी तांबे, आणि वायू हवेत.