विकास जीवविज्ञानातील संशोधक विद्यार्थी

फलित अंड्यापासून पूर्ण प्राणी कसा घडतो, याचा अभ्यास करणाऱ्या जीवविज्ञानाच्या शाखेस विकास जीवविज्ञान म्हणतात. सजीवांतील घडामोडींचा उलगडा डीएनए, आरएनए व प्रथिने या रेणूंच्या पातळीवर करणारी शाखा ते रेणवीय जीवविज्ञान होय. आता या दोन्ही शाखा परस्परांत बऱ्याच मिसळल्या आहेत. त्यांतील प्रयोगांचा मोठा भार पीएच.डी.चे विद्यार्थी वाहतात. प्रयोगाचे कसब ग्रंथांतून थोडे आणि मार्गदर्शक व ज्येष्ठ सहाध्यायी यांच्या हाताखाली अधिक मिळते.

विद्यार्थ्याच्या कामाची गती प्रयोगासाठी निवडलेल्या प्राण्यावर अवलंबून असते. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाची वाढ २१ दिवसांत पूर्ण होते. हृदयाचे स्पंदन मात्र दुसऱ्याच दिवशी सुरू होते. फळमाशीची नवी पिढी २५° से. तापमानात सु. १० दिवसांत तयार होते. गोड्या पाण्यातील हायड्राचे तोंडाकडील टोक कापले, तर काही दिवसांत ते पुन्हा उगवते. हे प्राणी स्वस्त व सहज मिळणारे असल्याने तुटपुंज्या साधनांनिशीही या विषयात मौलिक काम होऊ शकले.

महाराष्ट्रात या संशोधनाच्या दोन परंपरा दिसतात. पुणे विद्यापीठाच्या प्राणिविज्ञान विभागात लीला मुल्हेरकर यांनी भ्रूणविज्ञानाची परंपरा रुजविली. एडिंबरो येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले होते. भ्रूणाच्या एका भागाच्या प्रभावाने शेजारच्या भागाचे भवितव्य ठरते, या क्रियेस प्रवर्तन म्हणतात. कोंबडीच्या भ्रूणातील प्रवर्तनाविषयीचा त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर विकासविषयक संशोधन झाले.

दुसरी परंपरा मुंबईची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवविज्ञानाचा गट स्थापिला. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाशीच्या उत्परिवर्ती वाणांवरील त्यांचा व सीमोर बेंझर यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज (मृत्यू २०१०) सिद्दिकींकडे संशोधक विद्यार्थिनी म्हणून आल्या. फळमाशीच्या गंध व रुची यांच्या ज्ञानामागील आनुवंशिकीवर गुरुशिष्यांचा निबंध १९७८ मध्ये निघाला. त्यावरून या क्षेत्रात विद्यार्थी हा केवळ साहाय्यक नसून शोधाचा भागीदार असतो, हे स्पष्ट होते.

त्यानंतर पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र व भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (२००६) यांमुळे संशोधनाच्या संधी वाढल्या. तथापि त्या मुख्यतः मोठ्या शहरांतच आहेत. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या कापसाच्या बाजारपेठेच्या गावाचे उदाहरण घेता येईल. हे गाव १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येते. तेथील पदवीधरास या संस्थांपर्यंत पोहोचावयाचे असल्यास प्रवेशपरीक्षा व शिष्यवृत्तीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा यांतून जावे लागते. या पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून शिकलेल्यास विषयाबरोबर परिभाषाही नव्याने आत्मसात करावी लागते.

शिष्यवृत्ती मिळाल्यावरही काळाचे बंधन राहते. जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रु. व त्यानंतर ४२,००० रु. असे दर लागू झाले. शिष्यवृत्तीची मुदत एकूण पाच वर्षे असते. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे मिळतात. म्हणजे काम लांबल्यास अखेरचे वर्ष शिष्यवृत्तीविना काढण्याची वेळ येऊ शकते. जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांत हा विलंब नेहमीचा असतो : भ्रूण दगावतात, वाण नष्ट होतात, अपेक्षित परिणाम दिसत नाही व प्रयोग पुन्हा करावा लागतो. यात प्रत्येक वेळी विद्यार्थ्याचा दोष असतोच असे नाही. प्राण्याच्या वाढीचा वेग मुदतीसाठी बदलत नाही. म्हणून विषयाची निवड करताना प्राण्याचे जीवनचक्र, उपलब्ध साधने व हाती असलेली वर्षे यांचा मेळ घालणे, हे मार्गदर्शक व विद्यार्थी या दोघांचेही पहिले कर्तव्य ठरते.