कोळ्याच्या जाळ्यात वटवाघूळ

कोळ्याने माशी धरावी, हा निसर्गाचा परिचित क्रम. मात्र, ब्रिटन व आयर्लंडमध्ये बाहेरून येऊन स्थिरावलेला एक कोळी सरडे, वटवाघळे आणि चिचुंद्री यांसारख्या पृष्ठवंशीय प्राण्यांचीही शिकार करीत असल्याचे अलीकडच्या वर्षांत उघड झाले आहे. 'नोबल फॉल्स विडो' हे त्याचे नाव.

हा कोळी मूळचा मदेरा आणि कॅनरी बेटांवरचा. इंग्लंडमध्ये त्याची पहिली नोंद १८७९ मध्ये झाली, तर आयर्लंडमध्ये १९९८ मध्ये. केळी आणि अन्य मालाच्या वाहतुकीबरोबर तो पसरला, असे मानले जाते.

आयर्लंडमध्ये या कोळ्याने सरड्याचे पिल्लू खाल्ल्याची घटना २०१८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात एका घरी पिपिस्ट्रेल जातीची दोन वटवाघळे त्याच्या जाळ्यात सापडली. त्यांतील पिल्लू मरण पावले; प्रौढ वटवाघळाला जिवंत सोडविण्यात आले. चिचेस्टर येथे तर या कोळ्याने चिचुंद्रीला सुमारे २० मिनिटांत २५ सेंटिमीटर वर खेचून नेले आणि तीन दिवस तिच्यावर ताव मारला.

जेमतेम दीड सेंटिमीटर शरीराच्या कोळ्याला हे साधते कसे? याचे उत्तर त्याच्या विषात आणि रेशमात आहे. भक्ष्य जाळ्याला लागताच तो मागच्या पायांनी त्यावर चिकट धागे फेकतो आणि दंश करतो. कुप्रसिद्ध 'ब्लॅक विडो'प्रमाणे त्याच्याही विषात मज्जातंतू व स्नायू यांच्यातील संदेशवहन बिघडविणारी द्रव्ये असतात. त्यामुळे भक्ष्य लुळे पडते. मग ताणलेल्या धाग्यांच्या आधारे ते हळूहळू वर ओढले जाते.

या कोळ्याच्या प्रसाराला त्याचे आयुष्यमानही पोषक ठरते. तेथील बहुतेक स्थानिक कोळी वर्षभर जगतात. हा मात्र अनेक वर्षे जगतो, थंडीतही सक्रिय असतो. मानवी वस्तीचा आश्रय त्याला विशेष मानवतो. नेमक्या त्याच घरांच्या माळ्यांवर वटवाघळेही पिल्ले वाढवितात.

आजवरच्या घटना मोजक्या आहेत. तथापि, ब्रिटनमध्ये सर्व जातींच्या वटवाघळांना कायद्याचे संरक्षण आहे. माणसाने शिकार करू नये, यासाठी कायदा पुरतो. माणसाच्याच मालाबरोबर आलेल्या शिकाऱ्याला तो रोखू शकत नाही.